फुटबॉल पंचाची शिट्टी: निवड, सराव आणि मैदानावरील वापर

नव्याने पंचगिरी सुरू करणारा माणूस गणवेश, बूट, घड्याळ आणि कार्डे यांची निवड विचारपूर्वक करतो. शिट्टी मात्र पुष्कळदा क्रीडासाहित्याच्या दुकानात गल्ल्याजवळच्या बरणीतून जी हाती येईल ती उचलली जाते. फुटबॉलच्या नियमावलीत पाचवा नियम पंचाविषयी आहे, आणि त्यात पंचाजवळ असलेच पाहिजे अशा साहित्याच्या यादीत पहिले नाव शिट्टीचे आहे, तेही एक किंवा अधिक अशा अर्थाने. नव्वद मिनिटांच्या सामन्यात पंच प्रत्यक्ष बोलतो फार थोडे. बावीस खेळाडू, दोन सहायक पंच, राखीव बाक आणि प्रेक्षक या सर्वांपर्यंत त्याचा निर्णय एकाच क्षणी पोहोचवणारे साधन शिट्टी हेच असते. म्हणून ती कशी निवडावी, कशी धरावी, कशी फुंकावी आणि कधी फुंकू नये, हे येथे क्रमाने मांडतो. उदाहरणे फुटबॉलची आहेत, कारण मोकळे, मोठे आणि गजबजलेले मैदान ही शिट्टीची सर्वांत कठीण परीक्षा असते.

गोळीची शिट्टी आणि बिनगोळीची शिट्टी

बाजारातल्या शिट्ट्यांच्या मुळात दोन जाती आहेत. पहिली गोळीची. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांनी १८८४ मध्ये आणलेली ‘अ‍ॅक्मे थंडरर’ ही या जातीची मूळ शिट्टी, आणि ती आजही तयार होते. तिच्या पोकळीत बुचाची किंवा कृत्रिम पदार्थाची छोटी गोळी असते. हवा फिरू लागली की गोळी गरगरते, बाहेर जाणारी हवा क्षणोक्षणी अडवते आणि सोडते, आणि त्यातून तो ओळखीचा थरथरता आवाज तयार होतो. हळू फुंकली तर मऊ, जोरात फुंकली तर कडक, असा आवाजाचा चढउतार या शिट्टीत फार सुंदर साधता येतो. तिचा दोषही त्याच गोळीत आहे. लाळ, चिखल किंवा पावसाचे पाणी आत गेले की गोळी चिकटते. आणि घाईघाईत फार जोराने फुंकले तर गोळी एका जागी दाबून बसते व आवाज घुसमटतो.

नेमका हाच अनुभव रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडातील बास्केटबॉल पंचांना १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये आला. त्यांची शिट्टी ऐन वेळी अडकली. त्या प्रसंगाने त्यांना गोळीविना चालणाऱ्या शिट्टीच्या शोधाला लावले आणि १९८७ मध्ये ‘फॉक्स ४०’ बाजारात आली. हिच्यात हलणारा एकही भाग नाही. पोकळीचे तीन कप्पे असतात, त्यांची लांबी किंचित वेगवेगळी असते, त्यामुळे एकमेकांजवळचे तीन सूर एकाच वेळी उमटतात आणि त्यांच्या मिश्रणातून कानात घुसणारी कंपने निर्माण होतात. पाण्यात बुडवून काढली तरी एका फुंकरीत ती मोकळी होते, आणि कितीही जोर लावला तरी आवाज घुसमटत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की नव्या पंचाने पहिली शिट्टी बिनगोळीचीच घ्यावी. मुंबईत पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या मैदानांवर फुटबॉल खेळला जातो, आणि अशाच एका सामन्यात माझी पितळी शिट्टी पेनल्टी क्षेत्रातल्या उघड फाउलच्या वेळी नुसती फुसफुसली. बचावपटूंनी काहीच न ऐकल्याने खेळ पुढे चालू ठेवला, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि मी दुसऱ्यांदा शिट्टी वाजवून पेनल्टी दिली तेव्हा तो निर्णय कोणालाच पटला नाही. निर्णय बरोबर होता; तो वेळेवर ऐकू गेला नव्हता, एवढेच. गोळीच्या शिट्टीची नजाकत मला आजही आवडते, परंतु कोरड्या हवेत आणि मुरलेल्या श्वासाने ती वाजवावी.

मैदान पाहून शिट्टी निवडणे

शिट्टीच्या वेष्टनावर डेसिबलचा आकडा छापलेला असतो. ‘फॉक्स ४० क्लासिक’वर ११५, तिच्याच घराण्यातील मवाळ ‘पर्ल’वर ९०, तर ‘सोनिक ब्लास्ट’सारख्या शिट्टीवर १२० असे आकडे दिसतात. हे आकडे समजून घेताना एक साधे गणित लक्षात ठेवावे: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. एखादी शिट्टी १ मीटरवर ११० डेसिबल देते असे धरले, तर ६४ मीटरवर तिची पातळी ७४ च्या आसपास येते. फुटबॉलचे मैदान ९० ते १२० मीटर लांब असू शकते, त्यामुळे एका टोकाच्या पंचाची शिट्टी दुसऱ्या टोकाच्या गोलरक्षकापर्यंत पोहोचताना किती क्षीण होते याची कल्पना यावरून येईल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींचे संघ समोरासमोर असतात आणि गॅलरीतून दोन्हीकडचे समर्थक सतत आवाज देत असतात, तेव्हा ७४ डेसिबल म्हणजे जवळजवळ काहीच नसते.

तरीही शिट्टी ऐकू येते, याचे कारण तिचा स्वर. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो, आणि चांगल्या शिट्टीचा आवाज याच पट्ट्यात असतो. गर्दीच्या गलक्याचा आणि ढोलाचा मोठा भाग मात्र त्याखाली असतो. म्हणून निवड करताना नुसता मोठा आकडा पाहू नये, स्वर उंच आणि स्वच्छ आहे का हे ऐकावे. प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानासाठी उंच स्वराची, जोरकस, बिनगोळीची शिट्टी घ्यावी. शाळेच्या बारा वर्षांखालील मुलांच्या सामन्यासाठी मवाळ शिट्टी पुरते, आणि मुले दचकत नाहीत. बंदिस्त सभागृहातल्या फुटसालसाठी ११५ डेसिबलची शिट्टी वापरणे मला अयोग्य वाटते, कारण भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने सर्वांचेच कान दुखतात.

आंतरशालेय स्पर्धांमध्ये एका मोठ्या मैदानाचे दोन-तीन भाग पाडून एकाच वेळी सामने चालतात. शेजारच्या पंचाची शिट्टी ऐकून आपले खेळाडू थांबतात, आणि त्यावरून भांडणे होतात. यावर उपाय सोपा आहे. सामने सुरू होण्याआधी शेजारच्या पंचांनी एकत्र येऊन आपापली शिट्टी एकदा वाजवून दाखवावी, आणि दोघांचा स्वर सारखा निघाल्यास एकाने आपली दुसरी शिट्टी काढावी. म्हणून जवळ दोन शिट्ट्या असाव्यात आणि त्यांचे स्वर मुद्दाम वेगळे असावेत. एकाच प्रकारच्या दोन शिट्ट्या बाळगल्याने केवळ हरवण्याची भीती मिटते.

खरेदी करताना नक्कल मालापासून सावध राहावे. नामांकित शिट्टीसारखीच दिसणारी स्वस्त शिट्टी सर्वत्र मिळते. खरी आणि नक्कल शेजारी ठेवल्यास जोडाची रेघ ओबडधोबड, कडा खरखरीत आणि कप्प्यांची तोंडे असमान असल्याचे दिसते. सूर एकत्र न जुळता फाटल्यासारखा येतो. खऱ्या शिट्टीला काही शे रुपये लागतात, ती वर्षानुवर्षे टिकते, आणि हा खर्च टाळण्यासारखा नाही. तोंडात धरायच्या भागावर मऊ रबरी आवरण असलेली शिट्टी मिळाली तर जरूर घ्यावी, कारण दातांची पकड बसते आणि दात झिजत नाहीत. पितळी शिट्टी घेतल्यास असे आवरण वेगळे बसवावेच. मे महिन्याच्या उन्हात तापलेले पितळ ओठांना चटका देते.

शिट्टी कुठे ठेवावी

गळ्यात दोरीने अडकवलेली शिट्टी पीटीच्या सरांच्या चित्राने आपल्या मनात पक्की बसली आहे. फुटबॉलच्या पंचासाठी ती पद्धत गैरसोयीची आहे. धावताना शिट्टी छातीवर आपटते, खेळाडूशी टक्कर झाली तर दोरी ओढली जाऊ शकते, आणि हाताने शोधून तोंडापर्यंत नेण्यात वेळ जातो. बास्केटबॉलमध्ये पंच शिट्टी तोंडातच ठेवून पळतात, कारण तिथे निर्णय क्षणार्धात द्यावा लागतो. पण तेथील दोरीही झटका बसताच सुटणारी असावी.

फुटबॉलमध्ये शिट्टी हातात असावी. तिच्यासाठी बोटांत अडकवायची कडी मिळते, जी तर्जनी आणि मधल्या बोटावर बसते, किंवा मनगटाला आखूड पट्ट्याने शिट्टी बांधता येते. मला कडी अधिक विश्वासाची वाटते, कारण पट्टा लोंबतो. शिट्टी ज्या हातात असते तोच हात नेहमी ठेवावा, म्हणजे काही महिन्यांत हाताची हालचाल आपोआप होऊ लागते. दुसरी शिट्टी खिशात, बटण लावून.

शिट्टी तोंडात न ठेवता हातात ठेवण्याचे खरे कारण मात्र सोयीचे नाही. हात कमरेपासून ओठांपर्यंत येण्यास जो अर्धा-पाऊण सेकंद लागतो, त्या अवधीत पंचाला दिसते की फाउल झालेला खेळाडू पडला असला तरी चेंडू त्याच्या साथीदाराकडे गेला आहे आणि गोलच्या दिशेने वाट मोकळी आहे. अशा वेळी नियम पंचाला खेळ चालू ठेवण्याची, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज देण्याची मुभा देतो. तोंडात शिट्टी असलेला पंच तोवर फुंकून मोकळा झालेला असतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच संघाचा हल्ला त्याने थांबवलेला असतो. कबड्डीच्या पंचांनाही हीच सवय उपयोगी पडते: चढाईपटू पकडीत सापडल्यासारखा दिसला, तरी तो मध्यरेषेकडे झेपावत असतो, आणि त्याची धडपड संपण्याआधी वाजलेली शिट्टी त्याच्या हक्काचे गुण घालवू शकते.

फुंकण्याचे तंत्र

शिट्टीचा जोर गालांतून येत नाही. गाल फुगवून वाजवलेली शिट्टी सुरुवातीला अडखळते आणि शेवटी विरत जाते. योग्य पद्धत अशी: शिट्टी पुढच्या दातांत अलगद धरावी, ओठ तिच्याभोवती बंद करावेत, जिभेचे टोक शिट्टीच्या छिद्रावर टेकवावे आणि पोटातून श्वास ढकलून तोंडात दाब तयार होऊ द्यावा. मग जीभ झटक्याने मागे घ्यावी. ‘तुत्’ असा उच्चार करताना जीभ जशी हलते, तशीच ही हालचाल आहे. आवाज पहिल्या क्षणापासून पूर्ण जोराने निघतो. थांबवतानाही श्वास कमी करू नये. जीभ पुन्हा छिद्रावर टेकवावी, म्हणजे आवाज कापल्यासारखा तुटतो. सुरुवात आणि शेवट दोन्ही स्वच्छ असतील तर अर्ध्या सेकंदाची शिट्टीही ठाम वाटते.

सरावासाठी रिकामे मैदान आणि एक सहकारी पुरेसे आहेत. सहकाऱ्याला १०० मीटरवर पाठ करून उभे करावे, आणि शिट्टी ऐकू आली की हात वर करायला सांगावे. आधी उभ्याने दहा वेळा, मग ५० मीटर वेगाने धावून लगेच दहा वेळा. धाप लागलेली असताना शिट्टी कशी वाजते हे कळणे फार आवश्यक आहे, कारण सामन्यात ती नेहमी तशीच वाजवावी लागते. प्रतिहल्ल्यामागे ६० मीटर धावून आलेल्या पंचाच्या फुफ्फुसात हवा उरत नाही, आणि म्हणूनच चेंडूजवळ पोहोचण्याच्या क्षणी थोडा श्वास राखून ठेवण्याची सवय लावावी लागते. नंतर सहकाऱ्याने डोळे मिटून ‘साधा फाउल’, ‘गंभीर फाउल’, ‘पेनल्टी’ असे शिट्टीवरूनच ओळखण्याचा प्रयत्न करावा. त्याने चुकीचे ओळखले तर आपल्या शिट्टीत अजून फरक पुरेसा नाही असे समजावे. हा सराव वस्तीत, घराच्या गच्चीवर करू नये, आणि करताना कानात बोळे घालावेत.

कधी वाजवावी, कधी नाही

नियमावलीतील मार्गदर्शन याबाबत अगदी स्पष्ट आहे. खेळ सुरू करताना, म्हणजे प्रत्येक सत्राच्या आरंभी आणि गोलनंतरच्या किक-ऑफला, शिट्टी हवी. फ्री किक किंवा पेनल्टीसाठी खेळ थांबवताना, सामना काही काळ तहकूब करताना किंवा रद्द करताना, आणि सत्र संपवताना ती हवी. पेनल्टी घेण्याआधी, बचावपटूंची भिंत ९.१५ मीटरवर मागे नेल्यानंतरच्या फ्री किकला, आणि कार्ड, दुखापत किंवा बदली खेळाडू यांमुळे थांबलेला खेळ पुन्हा सुरू करताना ती हवी. थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर किंवा स्वच्छ झालेला गोल यांसाठी तिची गरज नसते. चेंडू रेषेबाहेर गेलेला सर्वांना दिसलेला असतो, हाताने दिशा दाखवली की झाले. उगीच वाजत राहिलेल्या शिट्टीचा गरजेच्या वेळी परिणाम कमी होतो, हे नियमावलीतच सांगितले आहे, आणि मला ते पंचगिरीतील सर्वांत दुर्लक्षित वाक्य वाटते. प्रत्येक थ्रो-इनला शिट्टी वाजवणाऱ्या पंचाकडे तिसाव्या मिनिटाला कोणी लक्ष देत नाही.

खेळाडूला शिट्टीची वाट पाहायला लावायची असेल तर ते त्याला स्पष्ट कळवणे पंचाचे कर्तव्य आहे. हात उंचावून शिट्टी दाखवावी, तिच्याकडे बोट करावे आणि मोठ्याने “शिट्टीवर घे, थांब!” असे सांगावे. हे न केल्यास आक्रमक संघ झटपट फ्री किक घेतो, गोल होतो, आणि पंचाकडे तो रोखण्याचे कारण उरत नाही.

इतर खेळांत हा हिशेब वेगळा असतो. व्हॉलीबॉलमध्ये पहिला पंच प्रत्येक सर्व्हिसला शिट्टीने परवानगी देतो, म्हणून तिथे सतत वाजणारी शिट्टी योग्यच असते. बास्केटबॉलमध्ये यशस्वी बास्केटनंतर पंचाने शिट्टी वाजवायची नसते. दोन खेळांत पंचगिरी करणाऱ्याने एका मैदानाची सवय दुसऱ्या मैदानावर नेऊ नये.

शिट्टीची भाषा

नियमात आवाजाची लांबी ठरवून दिलेली नाही. ती परंपरेने ठरली आहे. ऑफसाइड किंवा किरकोळ फाउलला एक आखूड शिट्टी. बेफाम टॅकलला त्याहून लांब आणि कडक शिट्टी, कारण ती ऐकून पडलेल्या खेळाडूचे साथीदार थांबतात. पंचाने ते पाहिले आहे, आता आपण हिशेब चुकता करण्याची गरज नाही, असे त्यांना वाटते. मैदानावरची बहुतेक हाणामारी या पहिल्या दोन सेकंदांत सुरू होते किंवा टळते. म्हणून गंभीर फाउलनंतर फुंकत फुंकत धावत घटनास्थळी पोहोचावे. पेनल्टीसाठी ठाम, लांब एकच शिट्टी आणि त्याबरोबर खुणेकडे हात. शिट्टी कचरत वाजली की दहा खेळाडू पंचाभोवती गोळा होतात. मध्यांतराला दोन आणि सामना संपताना तीन शिट्ट्या, शेवटची लांब, असा सर्वत्र रिवाज आहे आणि तो पाळावा. खेळाडूच्या अगदी शेजारी असताना मान वळवून फुंकावे. त्याच्या कानात फुंकणे हा अपमान तर आहेच, इजाही आहे.

शेवटच्या शिट्टीबद्दल विशेष जपावे. ३ जून १९७८ रोजी मार देल प्लाता येथे विश्वचषकातील ब्राझील आणि स्वीडन यांचा सामना १-१ असा होता. शेवटच्या क्षणी ब्राझीलला कॉर्नर मिळाला, झिकोने डोक्याने चेंडू गोलमध्ये घातला, पण वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी चेंडू हवेत असतानाच सामना संपवला होता. गोल नाकारला गेला. वेळ मोजण्याचा अधिकार पंचाचाच होता, तरीही त्या शिट्टीवर आजपर्यंत वाद होतो. वेळ संपत आली असेल तर कॉर्नर घेऊ देण्याआधीच सामना संपवावा, किंवा घेऊ दिल्यावर त्या हल्ल्याचा निकाल लागू द्यावा, असे माझे मत आहे.

चुकून वाजलेली आणि दुसऱ्याने वाजवलेली शिट्टी

चुकून शिट्टी वाजली आणि खेळ थांबला, तर ड्रॉप बॉलने, म्हणजे पंचाने चेंडू हातातून जमिनीवर टाकून, खेळ पुन्हा सुरू करावा, असे नियम सांगतो. नव्या पंचांना अशा वेळी काहीतरी फाउल शोधून देण्याचा मोह होतो. तो टाळावा, हात वर करून “माझी चूक, ड्रॉप बॉल” असे सांगितल्यास खेळाडू ते स्वीकारतात.

प्रेक्षकांतून शिट्टी वाजणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. २१ जून १९८२ रोजी स्पेनमधील व्हायाडोलिड येथे विश्वचषकातील फ्रान्स-कुवेत सामन्यात प्रेक्षागृहातून शिट्टी ऐकू आली म्हणून कुवेतचे खेळाडू थांबले, आणि फ्रान्सच्या अलाँ जिरेसने गोल केला. कुवेत फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शेख फहद स्वतः मैदानात उतरले, सोव्हिएत पंच मिरोस्लाव स्तुपार यांनी आधी दिलेला गोल रद्द केला, आणि फ्रान्सने पुढे तो सामना ४-१ असा जिंकला. आजच्या नियमानुसार प्रेक्षकाच्या शिट्टीने खेळात खरोखर व्यत्यय आला, उदाहरणार्थ एखाद्या खेळाडूने खेळ थांबला समजून चेंडू हातात घेतला, तर पंचाने खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा; व्यत्यय आला नसेल तर खेळ चालू ठेवावा. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांसमोर आपली शिट्टी एकदा वाजवून दाखवली, तर “सर, शिट्टी वाजली होती!” ही तक्रार पुष्कळ कमी होते.

स्वच्छता आणि कान

शिट्टी दुसऱ्याला देऊ नये आणि दुसऱ्याची घेऊ नये. सामन्यानंतर कोमट पाण्यात थोडा साबण घालून ती बुडवावी, खाचा मऊ ब्रशने घासाव्यात, स्वच्छ पाण्याने धुऊन उघड्यावर वाळवावी. प्लास्टिकची शिट्टी उकळत्या पाण्यात टाकू नये, कारण तिचा आकार थोडा जरी बिघडला तरी सूर बिघडतो. गोळीची शिट्टी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय डबीत बंद करू नये. ओली बुचाची गोळी फुगते. कडीचे रबर दर हंगामाच्या सुरुवातीला ताणून पाहावे.

पंचाच्या कानाची काळजी आपल्याकडे कोणी घेत नाही, आणि मला याची खरोखर चिंता वाटते. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या नायॉश या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास राहता येते, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे, आणि ११५ डेसिबलला अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरतो. समजा एका सामन्यात साठ वेळा अर्ध्या अर्ध्या सेकंदाची शिट्टी वाजली, तर ती मिळून ३० सेकंद झाली, आणि शालेय स्पर्धेत एकाच दिवशी चार-पाच सामने घेणारा पंच ती मर्यादा कितीतरी ओलांडतो. कानात सतत बारीक सूर वाजत राहणे ही पहिली खूण असते. तो सूर रात्रभर टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवण तपासणी करून घ्यावी. सभागृहातील स्पर्धांत संगीतकार वापरतात तसे, बोलणे ऐकू येऊ देणारे पण पातळी उतरवणारे कर्णरोधक वापरावेत, आणि मुलांच्या सराव सत्रासाठी बटण दाबून वाजणारी, आवाज कमी-जास्त करता येणारी इलेक्ट्रॉनिक शिट्टी हात लांब ठेवून वाजवावी.